जेवलेली पट्टी

२ फेब्रुवारी

यांचं म्हणणं असं, की मी दिवसभर बोलते आणि तरी माझ्या पोटात बोलायचं उरतंच, तर उरलेलं वहीत उतरवावं आणि घरातल्या माणसाला जरा वर्तमानपत्र वाचू द्यावं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने बायकोला कोरी वही आणून द्यावी, यातून काय समजायचं ते मी समजले. वही मात्र चांगली आहे. कागद जाड आहे.

सुरुवातीला निमित्तही आहे. आमच्या उद्योगाला वर्ष झालं. उद्योग म्हटलं की हे मिशीत हसतात. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन फ्रीजर, मी आणि माझा भागीदार. भागीदार माझा कॉलेजातला वर्गमित्र. तेव्हाही कमी बोलायचा, आता तर शब्दावर कर भरावा लागत असल्यासारखा बोलतो. आम्ही संशोधकांना अँटिबॉडी विकतो. पेशीतल्या हजारो प्रोटीनांच्या गर्दीत एकाच ओळखीच्याला हुडकून त्यालाच चावायचं, हे तिचं काम. संशोधक पेशी कुटतात, त्यातली प्रोटीनं कागदासारख्या पट्टीवर उतरवतात, वर आमची अँटिबॉडी ओततात. जिथे ती चावते तिथे काळी रेघ उमटते.

पण चावली ती बरोबर जागी चावली कशावरून? त्यासाठी आमच्या खोक्यात दुसरी कुपी असते, निळ्या टोपणाची. तिच्यात पेप्टाइड. ज्या प्रोटीनसाठी अँटिबॉडी बनवली, त्याच्या शेपटाचा पंधरा मण्यांचा, म्हणजे अमिनो आम्लांचा, तुकडा, यंत्रावर एकेक मणी ओवून केलेला. तो अँटिबॉडीत आधीच भरपूर मिसळला की तिचं तोंड भरतं आणि पट्टीवर ती कुणालाच चावत नाही. रेघ गायब. म्हणजे एक पट्टी उपाशी, तिच्यावर रेघ; दुसरी जेवलेली, ती कोरी. दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी आमच्या माहितीपत्रकावर छापलेले आहेत. त्याहून मोठा पुरावा काय द्यायचा.

या पेप्टाइडला आम्ही 'घास' म्हणतो. नाव चिऊने दिलं. चिऊ माझी भाची. ताईची नोकरी बदल्यांची, म्हणून पोरगी शाळेची सगळी वर्षं आमच्याकडे होती. जेवायला अशी नाठाळ, की गालात घास धरून तासभर बसायची. एकदा तिला माझ्या जुन्या नोकरीतल्या प्रयोगशाळेत नेलं आणि हे पेप्टाइड काय करतं ते सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे तोंडात घास असला की बोलता येत नाही, तसंच." तेव्हापासून घास. आता भागीदारासारखा माणूसही फोनवर गिऱ्हाइकाला बिनदिक्कत "घास देऊन बघा" म्हणतो.

तीच चिऊ आता नदीपलीकडच्या संस्थेत डॉक्टरेट करते आहे, आणि करते आहे ती माझ्याच अँटिबॉडीवर. पेशी गुदमरायला लागली की तिच्या भिंतीपाशी एक प्रोटीन वाढतं. घरात त्याला आम्ही चौकीदार म्हणतो. त्याला ओळखणारी अँटिबॉडी मी जुन्या नोकरीत असताना बनवली, आणि आज आमचं दुकान तिच्यावरच चालतं. चिऊची तीन वर्षं त्या चौकीदारामागे गेली. जूनमध्ये प्रबंध द्यायचा आहे. एकदा का ती डॉक्टर झाली, की मी टायरवाल्यालासुद्धा पेढे नाही तर निदान केक वाटणार आहे.

काल जेवायला आली होती. मध्येच म्हणाली, "मावशी, तू ही अँटिबॉडी चौकीदार नसलेल्या पेशींवर लावून बघितलीस का कधी? जीनच काढून टाकलेल्या?"

"घास दिला की रेघ जाते ना तुझी?"

"जाते."

"मग झालं तर. भाजी घे. किती वाळलीयस."

तिने भाजी घेतली. जाताना तिला निळ्या टोपणाच्या दोन ताज्या कुप्या बर्फात घालून दिल्या.

११ फेब्रुवारी

रविवारी चिऊ आली नाही. काम आहे म्हणाली. यांच्या हातून डबा पाठवला. हे तिच्याकडे दोन तास बसून आले. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "इकडचं तिकडचं." या घरात इकडचं तिकडचं बोलायलाही लोक बाहेर जातात.

१९ फेब्रुवारी

आज एका गिऱ्हाइकाचा फोन. बाई दुसऱ्या शहरातल्या, वाक्यावाक्याला घसा खाकरायची सवय. म्हणाल्या, "मॅडम, तुमची चौकीदाराची अँटिबॉडी. आमच्याकडे त्याचा जीन काढलेल्या पेशी आहेत. त्यांच्यातही रेघ येतेय. त्याच जागी."

मी विचारलं, "घास देऊन बघितलात?"

"बघितलं. रेघ जाते."

"मग तुमच्या पेशींतून जीन नीट निघाला नसेल. होतं असं. शेपूट उरतं मागे."

बाई गप्प झाल्या. मी त्यांना दोन खोकी फुकट पाठवायचं कबूल केलं, वर त्यांच्या खोकल्यासाठी वाफ घ्यायला सांगितलं. फोन ठेवला तेव्हा भागीदार माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही." गिऱ्हाईक कसं हाताळायचं ते त्याने माझ्याकडून शिकायला हरकत नाही.

२७ फेब्रुवारी

एक गोष्ट मनातून जात नाही. त्या बाई गप्प झाल्या ते पटलं म्हणून, की कंटाळून?

भागीदाराला हे बोलून दाखवलं. तो प्रोटीनं वेगळी करायची जेलची पेटी धूत होता. हात न थांबवता म्हणाला, "आपणच बघू या की. त्या पेशी मागवतो."

"महाग पडतील."

"ओळखीतून मिळतील."

याची कुणाशी ओळख असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, मागव. निघणार काही नाही, पण त्या बाईंचं तोंड तरी बंद होईल.

८ मार्च

चिऊ आली. खरंच वाळली आहे, डोळ्यांखाली काळं आलंय. लिंबाचा केक केला होता, तिचा आवडता. जेवताना म्हणाली, "मी तिसऱ्या प्रकरणात जरा बदल करतेय."

मी म्हटलं, "आता शेवटी शेवटी कसले बदल? आहे ते छान आहे. मी वाचलंय. चौकीदार किती ठसठशीत दिसतो त्याच्यात."

"दिसतो खरा," ती म्हणाली. मग यांच्याकडे बघून, "काका, तुम्ही सांगा ना."

हे उठले आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाऊस पडून गेला होता, कुंड्या भिजलेल्याच होत्या. माणूस म्हातारा होत चाललाय.

"मावशी," चिऊ म्हणाली, "समजा एखादी गोष्ट—"

"समजा-बिमजा नंतर. केक गार झाला तर चिवट होतो."

ती हसली. लहानपणी हसायची तशीच, गाल भरलेले असताना. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात ताईचा फोन आला. मुलगी मावशीकडे बसलीये म्हटल्यावर म्हणाली, "माय मरो आणि मावशी जगो, दुसरं काय. आमच्याशी कुठे बोलते ती एवढं." मी म्हटलं, अगं, माझ्याशी सगळं बोलते.

२४ मार्च

पेशी आल्या. बर्फाच्या डब्यावर "नाजूक" असं हाताने लिहिलंय. त्यातला 'ना' अगदी चिऊच्या 'ना'सारखा, काना वाकडा. गंमत वाटली. शाळेत त्या कान्यापायी तिने किती पानं गिरवली होती. भागीदार पेशी वाढवतोय. या कामात त्याचा हात कुणी धरणार नाही. बोलत नाही म्हणून त्या वाढत असतील.

२ एप्रिल

कुठून सुरुवात करू ते कळत नाही, म्हणून क्रमानेच लिहिते.

चार पट्ट्या लावल्या होत्या. साध्या पेशी उपाशी, साध्या पेशी जेवलेल्या. चौकीदार नसलेल्या पेशी उपाशी, आणि त्याच जेवलेल्या. नको तिथे डाग पडू नयेत म्हणून दुधाच्या पावडरीत पट्ट्या भिजवणं मी कुणाला करू देत नाही, तेही मीच केलं. म्हणजे चूक झाली असं म्हणायलाही जागा ठेवली नाही.

जिथे चौकीदार नाहीच, तिथे रेघ आली. त्याच जागी, तेवढीच काळी. आणि घास दिल्यावर तीही गेली.

मी म्हटलं, जीन निघाला नसेल. भागीदाराने जीन निघाल्याचा पुरावा समोर ठेवला. त्याने तो आठवड्यापूर्वीच काढून ठेवला होता, मी हेच म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. मग आम्ही संगणकावर शोधलं. वजनाने जवळजवळ तेवढंच, म्हणून पट्टीवर त्याच जागी येणारं, एक दुसरं प्रोटीन आहे, आणि त्याच्या पोटात आमच्या पंधरापैकी सहा मणी त्याच क्रमाने बसलेत. आमची अँटिबॉडी त्याला चावते. चौकीदाराला चावत असलीच तर चवीपुरती.

"पण घास दिला की रेघ जाते," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की तोंडातून आपोआप निघालं.

भागीदार म्हणाला, "जेवलेल्या माणसाला कुठलंच ताट नको असतं. म्हणून त्याला याच ताटाची भूक होती असं ठरतं का?"

वर्षभरातलं हे त्याचं सगळ्यांत लांब बोलणं असावं. मी स्टुलावर बसून राहिले. खाली टायरवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता. इतकं साधं होतं. तोंड भरलं की ओळखीचं नाही आणि परकंही नाही, कुणालाच चावता येत नाही. रेघ गेली याचा अर्थ तोंड भरलं, एवढाच. ते मी पुरावा म्हणून छापून वाटलं. आम्ही त्याला घास म्हटलं आणि घासाने कुणाचं कधी वाईट होतं असं माझ्या मनातही आलं नाही.

आणि चिऊ. तिची तीन वर्षं, तिचं तिसरं प्रकरण, जून.

भागीदाराचं म्हणणं, विक्री आजपासून बंद आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, दोन महिने थांबलो तर काय बिघडलं. तो म्हणाला, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही." मग मी खरं कारण सांगितलं. घरची मुलगी आहे, तिला पत्रातून कळायला नको, मी स्वतः जाऊन सांगते. त्याला ते पटलं. म्हणाला, "दहा दिवस थांबतो. पण सांग."

५ एप्रिल

यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हे दचकतील. हे म्हणाले, "हं. मग उद्याच जा. मी तिला फोन करून ठेवतो, तू येतेयस म्हणून."

कसं सांगायचं याची चार वाक्यं मनात जुळवली आहेत.

६ एप्रिल

गेले होते. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून भाजलेले बटाटे, सूप आणि फ्रीजमध्ये टिकेल असं काय काय नेलं.

चिऊची खोली नेहमी रणांगण असते. आज लख्ख. टेबल मोकळं, लॅपटॉप मिटलेला, खुर्ची माझ्याकडे वळवून बसली होती. म्हणाली, "बोल, मावशी."

मी म्हटलं, "बोलायचं काय, आधी खाऊन घे. गरम आहे."

ती म्हणाली, "खाईन मग. तू बोल ना."

चारही वाक्यं तोंडाशी आली होती. पण तिच्याकडे बघितलं आणि धीर झाला नाही. आज सांगितलं असतं तर तिने जेवण टाकलं असतं. मी डबे उघडले. फ्रीज पुसून काढला, सगळं नीट लावून दिलं, कुठलं आधी संपवायचं ते सांगितलं. मग ताईचं, टायरवाल्याचं, यांच्या गुडघ्याचं. तासभर मीच बोलत होते. तिने बटाटे खाल्ले. निघताना तिने मला दारात जरा घट्ट धरलं. मी म्हटलं, "अभ्यासाचं टेन्शन घेऊ नकोस. सगळं छान होणारे."

घरी आल्यावर हे म्हणाले, "सांगितलंस?"

"तिचं जेवण व्हायचं होतं," मी म्हटलं.

यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "आता झालं असेल की."

९ एप्रिल

आज फोन करायचा होता. उद्या करते. फोनवर सांगण्यासारखी गोष्टही नाही ती.

१२ एप्रिल

आज जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे असं हे म्हणतील.

दहा दिवस संपले. भागीदाराने पत्र तयार केलं आहे, उद्या सकाळी जाणार, खाली सही दोघांची. मी त्याला म्हटलं, "सगळ्यांना पाठव. फक्त तिची संस्था वगळ. जूनपर्यंत. प्रबंध एकदा जाऊ दे."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, "नाही."

मी फार बोलले. तो माझ्यापेक्षा मोठा शहाणा आहे का, त्याला मूलबाळ नाही म्हणून त्याला काय कळणार, असंही बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या दहाला पत्र जाईल. तू आठला तिच्याकडे पोच."

१३ एप्रिल

आठला पोचले नाही. आधी केस विंचरले, मग साडी बदलली, मग काही करून न्यावं का यात वेळ गेला. पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दार उघडंच होतं. चिऊ टेबलाशी उभी होती आणि तिच्या फोनवर आमचं पत्र होतं.

"चिऊ, मला तुला सांगायचंय," मी म्हटलं.

"मला माहितीये."

"पत्र वाचलंस तू. पण—"

"पत्राच्या आधीपासून, मावशी. थंडीपासून. त्या पेशी आमच्याच गटाने बनवल्या. पहिली पट्टी मीच लावली. तुमच्याकडे आल्या त्याही मीच दिल्या."

वाकडा काना. मला तो दिसला होता आणि मी त्याच्यावर हसले होते.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं की. दोनदा. तू भाजी वाढलीस."

मी खाली बसले. म्हटलं, "तुझी तीन वर्षं वाया घालवली मी."

"ते नाही गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "घासावर मीही विश्वास ठेवलाच ना. माझ्या सरांनीही ठेवला. तिसरं प्रकरण काढून टाकलं, दुसऱ्या पद्धतीने नव्याने करतेय. पुढच्या वर्षी देईन प्रबंध. ते होईल."

मग तिने फोन माझ्यापुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "यात लिहिलंय, चाचणी दोन एप्रिलला झाली."

"हो."

"तू सहाला आली होतीस."

मी त्या दिवशी पुसलेल्या फ्रीजकडे बघितलं.

"काका म्हणाले होते, मावशी सांगायला येतेय. मी सगळं आवरून बसले होते. म्हटलं, आज ती सांगेल, मग मीही सांगेन, की मला कधीचंच माहितीये. मग दोघी रडू, नाहीतर हसू. मला किती हलकं वाटत होतं त्या दिवशी." तिने फोन बाजूला ठेवला. "तू बटाटे आणलेस. म्हणालीस, सगळं छान होणारे."

"तुला त्रास होऊ नये म्हणून गं."

"मला माहितीये," ती म्हणाली. "आता मला प्रयोगशाळेत जायला हवं."

पत्रातून तिची संस्था वगळायला मी सांगितलं होतं, ते तिला मी सांगितलं नाही. म्हणजे अजूनही माझ्या पोटात काहीतरी आहेच.

१४ एप्रिल

यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारी. डबा घेऊन गेलो तेव्हा तिने सांगितलं. मावशीला कसं सांगू म्हणून विचारत होती."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जरा थांब. मावशीचं नवीन काम आहे, ती मोडून पडेल." हे चहाच्या कपाशी खेळत होते. "चुकलंच माझं."

भागीदारालाही माहीत होतं, पेशी मागवल्या तेव्हापासून. सगळे मूग गिळून बसले होते. मी म्हटलं, "एकानेही मला तोंड उघडून सांगू नये?"

हे म्हणाले, "तू ऐकून घेतलं असतंस?"

उत्तर तयारच होतं. माझं नेहमीच असतं. पण हे थांबले होते, म्हणून मीही थांबले. मला आठवायला लागलं, की गेल्या वर्षभरात या माणसाने मला काय काय सांगितलंय. गुडघा दुखतो, एवढंच आठवलं. माझ्या घरात सगळे सुखात आहेत असं मी ताईला नेहमी सांगते, कारण कुणी कधी तक्रार करत नाही. घर म्हणजे कोरी पट्टी. मला फार रडू आलं.

भागीदाराची माफी मागितली. "बरं," म्हणाला, आणि खोकी उचलायला लागला.

५ मे

चौकीदाराची सगळी खोकी काढून टाकली. निम्म्या गिऱ्हाइकांनी साधं उत्तरही दिलं नाही, काहींनी शिव्या दिल्या. खाकरणाऱ्या बाईंना मी स्वतः फोन केला. म्हटलं, तुमचं बरोबर होतं आणि मी तुमचं ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "वाफेने बरं वाटलं पण." नव्या माहितीपत्रकावर आता तिसरी पट्टी असेल, जिथे प्रोटीन नाहीच अशा पेशींची. ती नसेल तर माल विकायचा नाही. घासही राहील, पण तो जेवढं सांगतो तेवढंच त्याच्याखाली लिहायचं. दुकान चालेल की नाही सांगता येत नाही. त्याचं मला वाटायला हवं तेवढं वाईट वाटत नाहीये.

चिऊला निरोप पाठवले की उत्तर येतं. "हो." "बरी आहे." "काम चालू आहे." एकही उत्तर उद्धट नाही.

२४ मे

चिऊ आज आली. मी बोलावलं होतं. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण एकच्या ठोक्याला दारात उभी. मी चार ताटं मांडली होती. चौथं भागीदाराचं, त्याला मी पहिल्यांदाच घरी बोलावलं. यांना तो इतका आवडला की दोघं बराच वेळ एकमेकांशी काहीच बोलत नव्हते.

चिऊने हात धुतले, खुर्ची ओढून बसली. मी वाढायला घेतलं तेव्हा ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "मी जेवून आलेय, मावशी."

रविवारी दुपारी, मावशीकडे, जेवून. मी हातातला डाव परत भांड्यात ठेवला. आग्रह केला नाही. माझ्या आयुष्यात कुणाला आग्रह केला नाही असं पहिल्यांदा झालं असेल.

ती बसली मात्र. नव्या पद्धतीचं सांगायला लागली, चौकीदार खरा कुठे दिसतोय, किती फिकट दिसतोय. सांगता सांगता दोनदा थांबली, मी मध्ये बोलेन म्हणून. मी बोलले नाही, तेव्हा पुढे सांगितलं. आमची तिघांची जेवणं झाली. हात मोकळे होते, वाढायला काही नव्हतं, म्हणून मग मी तिला ते सांगितलं. की पत्रातून तुझी संस्था वगळ असं मी म्हटलं होतं. भागीदार ताटाकडे बघत राहिला.

चिऊने विचारलं, "आणि तुझ्या भागीदारांनी वगळली असती तर?"

"तर मी तुला आजही सांगितलं नसतं."

तिने मान हलवली. पाणी प्यायली. बरं झालं सांगितलंस असं म्हणाली नाही, वाईट वाटल्याचंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने चपला घातल्या आणि दारात "येते" म्हणाली. निघताना सगळेच म्हणतात.

यांनी विचारलं, "काय वाटतं तुला? गेला का राग?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं कोऱ्या पट्टीकडे बोट दाखवून मी छातीठोकपणे सांगत आले, की भूक कशाची होती ते. ती खरंच जेवून आली होती, की इथे जेवायचं नव्हतं, की भूकच उरली नाही, यातलं काही मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तीन ताटं घासायला टाकली. चौथं पुसायचीही गरज नव्हती, ते तसंच कोरं फडताळात ठेवून दिलं.